नव्या सुपरवायझरला चार शब्द

सुपरवायझर झालास, अभिनंदन! आता बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी औद्योगिक वसाहतीतलं एक ऐक. मशीनचा आवाज बदलला की ऑपरेटरला तुझ्याआधी कळतं. म्हणून त्याला केबिनमध्ये बोलावू नकोस. शिफ्ट लागताच स्वतः मशीनपाशी जा, 'काका, आज काय म्हणतंय?' विचार. चूक दाखवायची तर बाजूला घेऊन, चारचौघांत नाही. (रिजेक्ट झालेला माल मात्र रिजेक्टच, तिथे भिडेखातर सही नको.)

आणि नुसता वरचा साहेब चांगला असून भागत नाही. सयाजीरावांनी आंबेडकरांना शिष्यवृत्ती दिली, १९१७ मध्ये बडोद्यात नोकरीही दिली; तरी कचेरीतले शिपाई त्यांच्याकडे फायली लांबूनच फेकत. तेव्हा तुझे ज्युनिअर कंत्राटी पोरांशी कसे बोलतात, तिकडेही कान असू दे.