गच्चीवरचं जुनं सोलार

प्रश्न: बोअरच्या क्षारानं सोलार हीटरच्या नळ्या चोंदल्या. पॅनेल भंगारात घालू का? – एक गृहिणी, लातूर

उत्तर: ताई, घाई करू नका. काच शाबूत असेल तर त्याचं झकास वाळवणयंत्र होतं. आतला काळा पत्रा तसाच ठेवा, ऊन तोच शोषतो. चौकटीला खाली-वर भोकं पाडून जाळी लावा, पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून तिरपं ठेवा. हवा तापून वर चढते. वरच्या भोकांना झाकलेली पेटी जोडून मेथी, कढीपत्ता वाळवा. थेट ऊन लागत नाही, म्हणून हिरवा रंग बराच टिकतो. काचलोकर (उष्णता अडवायला आत भरलेला काचेच्या तंतूंचा थर) उघडी पडली असेल तर हात-तोंड झाकूनच हात घाला, तंतू रुततात. काच फुटलेली असेल तर मात्र नळ्यांचं तांबं सोडवून वेगळं वजनावर विका. अख्खं पॅनेल देऊ नका.