तरवडाची माळ, प्राजक्ताचा सडा

सणवार जवळ आले की फुलांविषयीच्या प्रश्नांनी परडी भरते. यावेळी त्यातले सहा घेतले आहेत. उत्तरं देताना मला दोन गुरू आठवतात: मंदिराबाहेर बेल-फुलं विकणारी माझी आजी, आणि वर्गात मुलांना शिकवता शिकवता मीच नव्यानं शिकलेलं वनस्पतिशास्त्र.

प्रश्न : दारात प्राजक्त आहे. जमिनीवर पडलेलं फूल देवाला वाहू नये म्हणतात. मग रोज पहाटे पडणारा हा सडा वाया घालवायचा का? (जुळे सोलापूर)

अजिबात नाही, खुशाल वाहा. प्राजक्ताला परंपरेनंच या नियमातून सूट दिली आहे. हे फूल अंधार पडल्यावर उमलतं आणि उजाडायच्या आत आपणहून गळतं. कथेत सांगतात, पारिजातका नावाची राजकन्या सूर्यावर भाळली, त्यानं तिला टाकलं, तिनं देह जाळून घेतला आणि त्या राखेतून हे झाड उगवलं. म्हणून ते सूर्याचं तोंड पाहत नाही.

माझी आजी संध्याकाळीच झाडाखालची जागा शेणानं सारवून ठेवायची. तुमच्याकडे फरशी असेल तर धुतलेलं जुनं धोतर अंथरा. एक मात्र पाळा, फुलं लवकर पडावीत म्हणून फांद्या हलवू नका. उरलेल्या फुलांचे केशरी देठ वेगळे करून सावलीत वाळवा. पूर्वी त्यांच्या रंगात कापड रंगवत. विणकरांच्या या गावात एखादा रुमाल तरी रंगवून पाहायला हवा.

प्रश्न : मी माहेरची मराठी, सासर तेलुगू पद्मशाली. सासूबाई म्हणतात बतुकम्मा (फुलांचे थर रचून करायचा देवीचा सण) तरवडाशिवाय होतच नाही. बाजारात मात्र झेंडूच मिळतो. झेंडूची केली तर चालेल का? आणि या माळरानावरच्या फुलाला एवढा मान का? (अशोक चौक)

ताई, तुमच्या पत्रानं मला फार आनंद झाला, कारण या एका फुलात तुमचं माहेर आणि सासर दोन्ही आहेत. भाद्रपद अमावस्येला, म्हणजे आपल्या सर्वपित्रीला, बतुकम्मा सुरू होते. दुसऱ्या दिवशी मराठी घरांत घट बसतात. त्या घटावर खेड्यापाड्यांत पिवळ्या तरवडाच्या फुलांची माळ चढते. तेलुगूत त्याच तरवडाला तंगेडू म्हणतात. तेलंगणानं तर ते राज्यफूल मानलं आहे.

मान का, याचं उत्तर जमिनीत आहे. तरवड मुरमाड, कोरड्या माळावर कुणी पाणी न घालता वाढतो. त्याची साल कातडं कमावायला वापरत आले, पाला-फुलं घरगुती औषधात जातात. गुरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून दुष्काळातही बांधावर तो हिरवा दिसतो. तेलुगूत 'बतुकु' म्हणजे जगणं. जगण्याच्या देवीला दुष्काळात तग धरणारं फूल वाहायचं, यात मला आपल्या सोलापूरच्या मातीची खूण दिसते. तरवडाबरोबर रचतात ते तुरेवाले गुनुगू म्हणजे आपलं शेतातलं कुरडू, ज्याला शेतकरी तण म्हणून उपटतो.

आणखी एक गोष्ट मला फार आवडते. पहिल्या दिवशीच्या बतुकम्मेला 'एंगिली पूल' म्हणतात, म्हणजे उष्ट्या फुलांची. आदल्या दिवशी तोडून ठेवलेली फुलं त्या दिवशी वापरतात, म्हणून हे नाव पडलं असं सांगतात. शिळं फूल देवाला नको, हा आपला पाठ असलेला नियम. इथे त्या शिळ्या फुलांचाच सण होतो.

झेंडू चालेल. तेलंगणातही तो रचतात. पण एका रविवारी सासूबाईंना घेऊन शहराबाहेरच्या माळावर जा आणि निदान मधल्या थरापुरता तरवड आणा. झुडूप ओरबाडू नका, शेंगा धरण्यापुरती फुलं राहू द्या. विसर्जनाआधी दोरा, चमकी, प्लास्टिकची तबकं काढून घ्या. तळ्यात फक्त फुलं जावीत.

प्रश्न : महादेवाला केवडा का चालत नाही? (बार्शी)

ब्रह्मदेवानं ज्योतिर्लिंगाचा वरचा शेवट पाहिल्याचं खोटं सांगितलं आणि केतकीनं, म्हणजे केवड्यानं, खोटी साक्ष दिली, म्हणून शंकरानं तिला पूजेतून वगळलं, अशी पुराणकथा आहे. गणपतीच्या पत्रीत मात्र केवड्याचं पान असतं.

प्रश्न : श्रावणी सोमवारी आम्ही धोतरा आणि पिवळी कण्हेर वाहतो. घरात दीड वर्षाचं मूल रांगतंय. काळजी वाटते. (होटगी रोड)

वाटायलाच हवी. धोतऱ्याचं पान, फूल, फळ, सगळं विषारी असतं, बिया सर्वांत जास्त. पिवळ्या कण्हेरीच्या, म्हणजे बिट्टीच्या बीचा घाला थेट हृदयावर पडतो. शंकरानं हलाहल गळ्यात धरलं, म्हणून जे कुणी जवळ करत नाही ते त्याला वाहायचं, हा भाव खोल आहे. पण तो भाव जपायला ते झाड दारात असायलाच हवं असं नाही. देवळात वाहा, हात धुवा, घरी काही आणू नका. मुलानं चुकून तोंडात घातलंच तर घरगुती उपाय करत बसू नका. उरलेला तुकडा बरोबर घेऊन तडक दवाखाना गाठा.

घरच्या पिंडीवर बेल पुरे. तो धुऊन पुन्हा वाहिला तरी चालतो, अशी रीत आहे. आणि श्रावणात बांधावर तुंबा शोधा, कन्नडमधलं तुंबे. बोटाच्या पेराएवढंही नसलेलं हे पांढरं फूल शिवाला प्रिय मानतात. अक्कलकोटकडच्या कन्नड बोलणाऱ्या आजीबाईंना विचारा, त्या लगेच ओळखतील.

प्रश्न : झेंडू परदेशी आहे असं वाचलं. मग दसऱ्याला तोच का? (विजापूर रोड)

खरं वाचलंत. झेंडू मूळचा मेक्सिकोचा, पोर्तुगीजांच्या काळात इकडे आला. जुन्या पुराणांत तो सापडणार नाही. पण त्याच अमेरिका खंडातून मिरची आली, शेंगदाणाही आला, आणि आपण त्यांची सोलापुरी शेंगाचटणी केली! तिला कुणी परकी म्हणतं का? मेक्सिकोत आजही नोव्हेंबरच्या सुरुवातीला झेंडूच्या पाकळ्यांच्या वाटा आखतात. त्या वासावर पितर घरी येतात अशी तिथली श्रद्धा. आपल्या जिल्ह्यातल्या अरणच्या सावता महाराजांना मळ्यातल्या भाजीतच विठ्ठल दिसला. आपल्या शेतात घाम गाळून वाढवलेला झेंडू देवाला परका कसा ठरेल?

प्रश्न : यजमान जाऊन चार वर्षं झाली. पूर्वी रोज गजरा माळायचे. लेक म्हणते, आई, माळ. मन होतं, पण हात धजत नाही. (मोहोळ)

ताई, लहानपणी तुमच्या केसांत पहिलं फूल कुणी माळलं? आईनं, नाहीतर आजीनं. मंगळसूत्र आणि जोडवी लग्नानं आली. फुलं त्याच्या कितीतरी आधीपासून तुमची होती. ती कुणाच्या जाण्यानं परत करायची नसतात. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनानं इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. त्यामागे आपल्याच करमाळ्याच्या कार्यकर्त्यांचा पुढाकार होता.

चारचौघांत लगेच जमणार नाही, हे मी समजू शकते. तर आधी मोगरा लावा. आपल्याकडचं ऊन त्याला मानवतं. थंडी सरताना छाटणी करा, शेणखत घाला, आणि चैत्रात दुपार कलल्यावर टपोऱ्या कळ्या तोडून ओल्या फडक्यात ठेवा. रात्री त्या उमलतील. पहिला गजरा लेकीला ओवू द्या, आणि घरातल्या घरात तिच्याच हातानं माळून घ्या.