घरी बनवलेली ड्रोन फ्रेम पुढे मोठी करता यावी म्हणून हात सरकते ठेवू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 2212 जातीच्या (आतला स्थिर भाग 22 मिमी व्यासाचा, 12 मिमी उंच), 920 केव्हीच्या (दर व्होल्टमागे मिनिटाला 920 फेरे) चार मोटर हाताशी आहेत. आज 10 इंची प्रॉप (प्रोपेलर, म्हणजे पंखा) लावून उडवायला शिकायचं आणि पुढे 12 इंची प्रॉप व कॅमेरा लावायचा. त्यासाठी हातांना (टोकाला मोटर बसते त्या दांड्यांना) लांबट खाचा पाडून मोटर मागेपुढे सरकवता येईल अशी फ्रेम करावी का?

खाचा पाडू नका. हवेत स्थिर उभं राहतानाही या मोटर मिनिटाला साधारण 5000 फेरे घेतात, म्हणजे सेकंदाला ऐंशीच्या वर हादरे. खाचेतल्या बोल्टला फक्त घर्षणाचा आधार असतो आणि एवढ्या हादऱ्यांत तो सुटतोच. मोटर नुसती सरकली तर एक वेळ चालेल, पण जरा कलली की क्वाड (चार मोटरचा ड्रोन) स्वतःभोवती वळायला लागतो आणि कारण सापडत नाही. म्हणून मधल्या प्लेटची भोकं एकदाच, नेमकी आणि कायमची पाडा. बदलायचा तो अख्खा हात. शिवाय पडझडीत पहिला वाकतो तो हातच, त्यामुळे तो दोन बोल्ट काढून बदलता येणं हीच या फ्रेमची खरी सोय.

आधी माप. फ्रेमचं माप म्हणजे समोरासमोरच्या दोन मोटरमधलं तिरकं अंतर. शेजारच्या मोटरमधलं अंतर काढायला त्याला 1.414 ने भागा. 450 च्या, म्हणजे 450 मिमीच्या, फ्रेममध्ये ते 318 मिमी येतं. 10 इंची प्रॉप 254 मिमीचा, म्हणजे दोन पात्यांच्या टोकांत 64 मिमी मोकळे. 500 च्या फ्रेममध्ये 354 मिमी येतं आणि 12 इंची प्रॉप (305 मिमी) लावूनही 49 मिमी उरतात. किमान 25–30 मिमी तरी हवेतच, कारण हात लवतात. मात्र 920 केव्हीच्या मोटरवर 12 इंची प्रॉप लावू नका, मोटर आणि ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) दोन्ही तापतील. मोठ्या प्रॉपला 600–700 केव्हीची मोठी मोटर लागते, आणि तिच्या बुडाच्या भोकांचं माप वेगळं असतं. म्हणून मोटरखालची प्लेटही हातापासून सुटी ठेवा.

हातासाठी मी अर्धा इंची (12.7 मिमी) चौकोनी ॲल्युमिनियमची नळी सुचवेन, जाडी 1 मिमी. ॲल्युमिनियमच्या खिडक्या-पार्टिशन करणाऱ्यांकडे तुकड्यांतही मिळते. कार्बनची 16 मिमीची गोल नळी वजनाला बरीच हलकी, पण गोल नळी क्लॅम्पमध्ये फिरते आणि मोटर कलते. चौकोनी नळीत तो प्रश्नच येत नाही. कार्बन कापलंच तर पाणी मारत कापा आणि चांगला मास्क लावा, ती धूळ फुप्फुसात जाता कामा नये. शिवाय कार्बनमधून वीज वाहते, आणि रिसीव्हरची अँटेना त्याच्या आड गेली तर सिग्नल दबतो.

मधल्या दोन प्लेटसाठी 1.5 मिमीची ग्लास इपॉक्सी शीट घ्या, एफआर4 म्हणतात ती. स्टँडऑफ (दोन प्लेटमध्ये अंतर राखणारे छोटे खांब), स्क्रू वगैरे मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत पाहता येतील. शीट मागताना नाव नीट सांगा, नाहीतर हायलम (फिनॉलिक राळेची शीट) हातात पडतं. ते दिसायला ठीक, पण भोकापाशी तडकतं.

450 साठी प्रत्येक हात 220 मिमी लांब कापा. प्लेटच्या मध्यबिंदूपासून मोजलं तर नळी 30 मिमीवर सुरू होते, बोल्टची भोकं 40 आणि 68 मिमीवर, मोटरचा मध्य 225 वर आणि नळीचं टोक 250 वर. 500 साठी हात 245 मिमीचा: मोटरचा मध्य 250 वर, टोक 275 वर, आणि मुळाशी भोकं तीच. प्लेट साधारण 150 मिमी व्यासाची, हवी तर कोपरे छाटलेला चौकोन. फ्लाइट कंट्रोलरची (ड्रोन तोलून धरणाऱ्या मुख्य बोर्डाची) 30.5 मिमी चौकोनातली भोकं मध्यापासून 21.6 मिमीवर येतात, म्हणजे नळीच्या अलीकडेच राहतात.

भोकं पाडताना घाई करू नका. आराखडा मूळ मापात छापा आणि छापल्यावर पट्टीने तपासा, कारण प्रिंटर कागदात बसवायला चित्र लहान करतो. दोन्ही प्लेट एकमेकींना चिकटवून एकत्रच भोकं पाडा: आधी पंचाचा ठसा, मग 2.5 मिमीचा ड्रिल, मग 3.2. पहिला हात अचूक झाला की तोच साचा धरून बाकीचे करा. ड्रिल उभ्या स्टँडवर लावलेला हवा. हाताने आरपार भोक पाडलं तर पलीकडच्या बाजूला दीड-दोन मिमी हमखास सरकतं.

नळीची एक खोड आहे: बोल्ट आवळला की ती चेपते. चेपली की बोल्ट कितीही घट्ट केला तरी जोड सैलच राहतो. उपाय सोपा. मुळाकडच्या 50 मिमी भागात आत लाकडाचा चौकोनी ठोकळा ठोकून बसवा आणि त्यातूनच भोक पाडा. एम3 चे (3 मिमी जाडीचे) 20 मिमी लांब बोल्ट आणि नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, हादऱ्यांनी सैल न होणारे). दोन प्लेट आणि नळी मिळून 15.7 मिमी होतात, त्यामुळे लांबी बरोबर पुरते.

मोटरखाली 48 बाय 32 मिमीची, 2 मिमी जाड एफआर4 ची पट्टी. 2212 च्या बुडाला सहसा 16 आणि 19 मिमी अंतरावर भोकांच्या दोन जोड्या असतात, तरी मोटर हातात घेऊन मोजाच. मोटर आधी पट्टीवर सपाट डोक्याच्या स्क्रूंनी बसवा आणि डोकी पट्टीत बुडवा. मग पट्टी मोटरच्या मध्यापासून पुढे-मागे 19 मिमीवर दोन बोल्टांनी नळीवर. मोटरचा दांडा खाली थोडा बाहेर येतो, त्याच्यासाठी पट्टीत 9 मिमीचं आणि नळीच्या फक्त वरच्या भिंतीत 8 मिमीचं भोक लागेल. नळी कमजोर होईल ही भीती नको. हाताला वाकवणारा जोर मुळाशी सर्वांत जास्त आणि टोकाला जवळजवळ शून्य असतो. म्हणूनच टोकाला भोक चालतं, पण प्लेटच्या कडेपाशी, जिथून हात बाहेर निघतो तिथे, वायरसाठीसुद्धा जादा भोक पाडू नका. वाकायची जागा तीच.

सर्वांत महागात पडणारी चूक मोटरच्या स्क्रूची. स्क्रू मोटरमध्ये 3 मिमीच शिरायला हवा, म्हणजे 2 मिमीच्या पट्टीला 5 मिमीचा स्क्रू. लांब स्क्रू आत तांब्याच्या वेटोळ्याला टेकतो, वरचं एनॅमल खरवडतो आणि पहिल्या जोरदार थ्रॉटलला मोटर जळते, कधी ईएससीही सोबत नेते. स्क्रू आवळल्यावर मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवा, एक टोक स्क्रूच्या डोक्याला, दुसरं मोटरच्या तिन्ही वायरना आळीपाळीने. बीप आला तर स्क्रू काढा. बीप नसेल तर मोटरच्या या स्क्रूंना निळा थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा द्रव) एक थेंब. तो पॉलिकार्बोनेट किंवा एबीएसच्या भागाला लागू देऊ नका, त्याने प्लॅस्टिकला चिरा जातात.

वजनाचा अंदाज असा: हात 112 ग्रॅम, मधल्या प्लेट सुमारे 95, मोटरच्या पट्ट्या 23, बोल्ट-नट-स्टँडऑफ 40. एकूण 270 च्या आसपास. डीजेआयची तयार एफ450 फ्रेम 282 ग्रॅमची आहे, म्हणजे वजनात फार फायदा नाही. फायदा आहे तो हवा तसा हात करण्याचा. मोटर, ईएससी, 3300 एमएएचची तीन सेलची बॅटरी आणि बाकी सगळं धरून 1.1 किलोच्या आत बसवा. ही मोटर 10 इंची प्रॉपवर तीन सेलला साधारण 800 ग्रॅम उचलते. चौघी मिळून 3.2 किलो, आणि एकूण वजन याच्या निम्म्याहून कमीच हवं. कॅमेऱ्याला किती जागा उरते हे यातूनच काढा. कॅमेरा पुढे गेला की बॅटरी मागे सरकवा. दोन बाजूंना मधोमध बोटं लावून उचलल्यावर फ्रेम आडवी राहिली पाहिजे. बॅटरीच्या पट्ट्यासाठी प्लेटमध्ये लांबट खाचा जरूर ठेवा, सरकतं काही ठेवायचं तर ते हेच.

वजन 250 ग्रॅमच्या वर आणि 2 किलोच्या आत असल्याने 2021 च्या ड्रोन नियमांत हा मायक्रो वर्गात येतो. हौसेसाठी उडवायला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही, पण डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलच्या नकाशावर जागा हिरव्या (परवानगी न लागणाऱ्या) क्षेत्रात आहे ना ते पाहा आणि 120 मीटरच्या खाली राहा.

पहिल्या उड्डाणानंतर लॉग (कंट्रोलरने ठेवलेली उड्डाणाची नोंद) उघडा. कंट्रोलरवर आर्डुपायलट हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर कंपनाचे आकडे 30 च्या खाली हवेत. 60 च्या वर गेले तर उंची धरून ठेवणं बिघडतंच. जास्त आले तर आधी प्रॉप बॅलन्स करा, मग मुळाचे बोल्ट तपासा, कंट्रोलरखाली मऊ रबर घालणं सर्वांत शेवटी. मग चारही मोटरचं आउटपुट बघा. 1 आणि 2 ची जोडी एका दिशेने फिरते, 3 आणि 4 ची उलट. स्थिर उभं असताना एक जोडी सतत दुसरीपेक्षा जास्त राबत असेल, तर कुठली तरी मोटर कललेली आहे. ती शोधायला प्रत्येक मोटरच्या डोक्यावर छोटी स्पिरिट लेव्हल ठेवा. कललेली सापडली तर पट्टीखाली कागदाची घडी घालू नका, हात काढा आणि नवा लावा. म्हणूनच साचा लावलेला असतानाच चारऐवजी सहा हात पाडून ठेवा.