वाचक विचारतात: खूण केली, पण काम झालं का?

प्रश्न: पाण्याच्या फिल्टरची कांडी दर तीन महिन्यांनी बदलायची म्हणून ॲपमध्ये आठवण लावली आहे. एकदा बदलायला उशीर झाला, तर पुढची आठवण फारच लवकर आली. ॲप बिघडलंय का?

उत्तर: ॲप ठीक आहे, पुनरावृत्तीचा प्रकार चुकला आहे. पुनरावृत्ती दोन तऱ्हांची असते. एक ठरलेल्या तारखेपासून मोजते, दुसरी काम पूर्ण झाल्याच्या दिवसापासून. १ जानेवारीला बदलायची कांडी तुम्ही २५ जानेवारीला बदललीत, तर पहिल्या प्रकारात पुढची तारीख १ एप्रिल येते, दुसऱ्यात २५ एप्रिल. झिजणाऱ्या किंवा मळणाऱ्या वस्तूंसाठी दुसरा प्रकार लावा. बिलं, भाडं, कर यांना मात्र पहिलाच हवा, कारण तुम्ही उशीर केलात म्हणून त्यांची मुदत सरकत नाही. टूडूइस्ट या ॲपमध्ये ‘एव्हरी’ या शब्दाला उद्गारचिन्ह जोडलं की मोजणी पूर्ण केल्याच्या दिवसापासून होते. नुसतं ‘एव्हरी’ लिहिलं तर ठरलेल्या तारखेपासून. इतर ॲपमध्ये पुनरावृत्तीच्या सेटिंगमध्ये हा पर्याय शोधा. काहींत तो नसतोच. तिथे काम झालं की पुढची तारीख स्वतः घालावी लागते.

आणखी एक सवय घातक आहे. लाल झालेली थकीत नोंद डोळ्यांसमोर नको म्हणून काम न करताच खूण केली जाते. मग ॲपच्या लेखी कांडी नवी, प्रत्यक्षात जुनीच. काम झालं नसेल तर नोंद पुढे ढकला, पूर्ण करू नका.

प्रश्न: महिनाअखेरीचा हिशेब बंद करताना एकच यादी वापरते, खुणा काढून पुढच्या महिन्यात तीच पुन्हा. पण एखादी जुनी खूण राहून जाते आणि ते काम सुटतं.

उत्तर: मूळ यादी आणि चालू यादी वेगळ्या ठेवा. मूळ यादीवर कधीच खूण करायची नाही. दर महिन्याला तिची प्रत काढा आणि नावात वर्ष-महिना आधी लिहा, म्हणजे ‘२०२५-०३ हिशेब’. नावाप्रमाणे लावल्या की प्रती आपोआप क्रमाने लागतात. काम संपल्यावर प्रत पुसू नका, संग्रहात टाका. मागच्या महिन्यात काय झालं होतं, याचा तोच पुरावा. गूगल कीपमध्ये सगळ्या खुणा एकदम काढता येतात. प्रवासाच्या बॅगेसाठी ते छान, पण हिशेबासाठी नको, कारण मागची नोंदच उरत नाही.

इथे हमखास होणारी चूक अशी: काम करताना राहिलेली पायरी सापडते, ती चालू प्रतीत लिहिली जाते आणि मूळ यादी तशीच राहते. पुढच्या महिन्यात तीच पायरी पुन्हा राहते. म्हणून प्रत्येक प्रतीची शेवटची ओळ ‘मूळ यादीत दुरुस्ती केली?’ अशी ठेवा.

प्रश्न: रोज वीस आठवणी वाजतात. आता बघतही नाही.

उत्तर: ज्या कामाला खरोखर घड्याळाची वेळ आहे, त्याचाच आवाज ठेवा. बाकीची कामं एखाद्या घटनेला बांधा: दुकान उघडताना, संगणक बंद करताना.

प्रश्न: आमची यादी साठ कलमांची आहे. अनुभवी सहकारी सगळं काम उरकून शेवटी एकदम साठ खुणा करतात.

उत्तर: दोष यादीचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली आणलेल्या शस्त्रक्रियेच्या तपासयादीत १९ कलमं आहेत, तीही तीन थांब्यांत वाटलेली: भूल देण्याआधी, छेद घेण्याआधी आणि रुग्ण शस्त्रक्रियागृहाबाहेर जाण्याआधी. तुमच्या कामातले असे थांबे शोधा, जिथून पुढे गेल्यावर चूक सुधारणं महाग पडतं. एका थांब्याला पाच ते नऊ कलमं पुरेत. जे कुणी कधीच विसरत नाही ते काढून टाका. पण ‘इतकं साधं कोण विसरेल’ हा निकष लावू नका. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी बोइंगचं मॉडेल २९९ हे विमान कोसळलं, ते जमिनीवर असताना लावलेली नियंत्रणांची अडकण काढायची राहिल्यामुळे. चालवणारे नवशिके नव्हते.

शिवाय निवडक कलमांत खुणेऐवजी उत्तर मागा. ‘बॅकअप तपासला’ऐवजी ‘बॅकअपमधली एक फाइल उघडा, तिचं नाव आणि तारीख इथे लिहा’. फाइल उघडल्याशिवाय ती ओळ भरता येत नाही.