पेठेतल्या घराला स्लॅब की कौलं?

भावा, प्लॉट पेठेतला आणि दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती, तर माझं मत सरळ आहे: स्लॅब घाल. कौलारू छपराला किमान २५ अंशांचा उतार लागतो आणि त्याच्या पागोळ्या पडायला स्वतःची जागा लागते. ती नसली की पाणी शेजाऱ्याच्या भिंतीवर जातं आणि जन्मभराचं भांडण लागतं. शिवाय पाण्याची टाकी, सोलर, उन्हाळ्यात चटणीच्या मिरच्या वाळवायला गच्ची पाहिजेच.

पण स्लॅब सपाट दिसला तरी सपाट ठेवायचा नसतो. वर विटांच्या तुकड्यांचा कोबा (पाणी मुरू नये म्हणून सिमेंटमध्ये बसवलेला थर) कर आणि त्याला १०० ला १ उतार दे, म्हणजे दहा फुटांना साधारण सव्वा इंच. पॅरापेट, म्हणजे गच्चीचा कठडा, जिथे स्लॅबला मिळतो त्या कोपऱ्यात वाटा, म्हणजे सिमेंटची गोलाई, मारून घे. गळती बहुतेक तिथूनच सुरू होते. माझ्या पहिल्या कामात मिस्त्रीनं वाटा मारलाच नव्हता, मीही पाहिलं नाही. जुलैत खालच्या खोलीची भिंत ओली झाली. कोबा झाला की पाणी तुंबवून ४८ तास ठेव, खालून छत बघ, मगच मिस्त्रीचा हिशेब पुरा कर.

शहराबाहेर मोकळा प्लॉट असेल तर मात्र कौलांचा विचार जरूर कर.