प्रत्येक वेबसाइटवर कुकीची, म्हणजे साइट तुमच्या ब्राउझरमध्ये साठवते त्या छोट्या नोंदीची, परवानगी मागणारी पट्टी का येते? हा कायद्याचाच ताप आहे का?

अर्धवट खरं आहे. युरोपीय संघाने २००२ साली ई-प्रायव्हसी निर्देश काढला. २००९ च्या दुरुस्तीत, वापरकर्त्याच्या उपकरणावर माहिती साठवण्याआधी त्याची संमती घ्या, असं सांगितलं. २५ मे २०१८ पासून जीडीपीआर हा युरोपीय संघाचा माहिती-संरक्षण कायदा लागू झाला आणि संमतीची व्याख्या आणखी कडक झाली.

पण लॉगिन टिकवणं, खरेदीची यादी लक्षात ठेवणं अशा अत्यावश्यक कुकीजना संमती लागतच नाही! तेवढंच करणाऱ्या साइटला परवानगी मागायची गरज नसते. पट्टी येते ती बहुधा साइटला तुमचा माग काढायचा असतो म्हणून. कायद्याच्या नावाने बोटं मोडताना हे सोयीस्करपणे विसरलं जातं.

'स्वीकारा' हे भलंमोठं रंगीत बटण आणि 'नाकारा' कुठेतरी तीन पानं आत, हा तर निव्वळ चावटपणा. आधीच टिक केलेली चौकट म्हणजे संमती नव्हे, असं युरोपीय संघाच्या न्यायालयाने १ ऑक्टोबर २०१९ ला प्लॅनेट४९ खटल्यात स्पष्ट केलं. नाकारणं हे स्वीकारण्याइतकं सोपं ठेवलं नाही म्हणून फ्रान्सच्या सीएनआयएल या नियामकाने गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोंचा दंड ठोठावला. हे जाहीर झालं जानेवारी २०२२ मध्ये. एप्रिलमध्ये गूगलने युरोपात 'सगळं नाकारा' असं सरळ बटण द्यायला सुरुवात केली. म्हणजे जमत होतं की!