सेन्सर बंद होता, हे निरीक्षकांना सांगावे का?

प्रश्न : चाकण परिसरातील एका कारखान्यात मी शिफ्ट इंचार्ज आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये पॉवर प्रेसवर एका ऑपरेटरच्या उजव्या हाताची तीन बोटे तुटली. उत्पादन वाढावे म्हणून वरिष्ठांच्या तोंडी आदेशावरून सुरक्षा सेन्सर (हात आत असताना प्रेस थांबवणारे साधन) बायपास केला, म्हणजे वायर वळवून निकामी केला होता. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा जोडण्यात आला. ‘सेन्सर चालू होता, चूक ऑपरेटरची’ अशा तयार जबाबावर सही करण्याचा आता आग्रह होत आहे. निरीक्षक लवकरच माझा जबाब घेणार आहेत. मी काय करावे?

उत्तर : त्या कागदावर सही करू नका.

21 नोव्हेंबर 2025 पासून सुरक्षाविषयक नवी श्रमसंहिता लागू झाली असली, तरी अपघात त्याआधीचा असल्यामुळे त्यातील दोषाचा विचार कारखाने अधिनियम, 1948 नुसारच होईल. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या निरीक्षकाला कलम 9 खाली यंत्राची तपासणी करण्याचा, मोजमापे व छायाचित्रे घेण्याचा, नोंदवह्या मागवण्याचा आणि जबाब नोंदवण्याचा अधिकार असतो. सेन्सर पुन्हा जोडल्याने सारे झाकले गेले, असे तुमच्या वरिष्ठांना वाटत असेल, तर तो भ्रम आहे. सेन्सर चालू असताना, हात डायमध्ये (साच्यात) असूनही रॅम (प्रेसचा वरून दाबणारा भाग) खाली आलाच कसा, हा पहिला प्रश्न कोणताही जाणता निरीक्षक विचारेल. आणि मग देखभालीची नोंदवही, अपघाताआधीचे व नंतरचे तासागणिक उत्पादन आणि वायर जोडणारा इलेक्ट्रिशियन यांच्याकडे वळेल. शिवाय, यंत्राचे संरक्षक साधन यंत्र चालू असेपर्यंत सतत जागेवर असलेच पाहिजे, ही कलम 21 ची अपेक्षा असल्याने ऑपरेटरच्या चुकीकडे बोट दाखवून व्यवस्थापनाची सुटका सहसा होत नाही.

तुमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे कलम मात्र 101 आहे, आणि त्याची माहिती फार थोड्या सुपरवायझरांना असते. कलम 92 प्रमाणे दोष भोगवटादार (कारखान्याच्या कारभारावर अंतिम नियंत्रण असलेली व्यक्ती) व व्यवस्थापक यांच्यावर येतो; शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. परंतु आपण पुरेशी दक्षता घेतली होती आणि खरा अपराध दुसऱ्याच व्यक्तीने आपल्या नकळत केला, असे त्यांनी सिद्ध केले, तर ते सुटतात व शिक्षा त्या दुसऱ्या व्यक्तीला होते. सेन्सर बंद असल्याचे उद्या अन्य पुराव्यावरून उघड झाले, तर ‘सेन्सर चालू होता’ असे लिहून देणारा शिफ्ट इंचार्जच ती दुसरी व्यक्ती ठरवण्यास सोयीचा असेल.

तेव्हा निरीक्षकांना खरे सांगावे, पण सांभाळून. स्वतःला गुन्ह्यात गुंतवणारे उत्तर देण्याची सक्ती कलम 9 खाली करता येत नाही. बायपास तुम्ही स्वतः केला असेल, किंवा तो करताना तुमचा हात लागला असेल, तर जबाबाआधी वकिलाला प्रत्यक्ष भेटा. एरवी कोणी, कधी, कोणत्या शब्दांत आदेश दिला, तेवढेच सांगा आणि ऐकीव गोष्टी ऐकीव म्हणूनच नोंदवून घ्या. जबाब पूर्ण वाचल्याशिवाय सही करू नका. त्या दिवसांतील व्हॉट्सअ‍ॅप संदेश पुसू नका, आणि आठवते ते तारीखवार आजच लिहून काढा. तुम्हाला निरीक्षकांसमोर जाण्यापासून कोणी रोखले, तर तो कलम 95 खाली स्वतंत्र अपराध आहे. पोलिसांनी भारतीय न्याय संहितेच्या कलम 125 खाली (बेपर्वाईने इतरांचा जीव वा सुरक्षितता धोक्यात आणणे) तपास सुरू केला असल्यास तो या चौकशीहून वेगळा. तिथला जबाबही याच काळजीने द्या.